पाणी कमी, गुण जास्त?

उन्हाळ्यात कुंडीतल्या तुळशीला पाणी जरा कमी पडलं की पानं बारीक राहतात, पण चुरगळली की वास कसा उग्र येतो! जमिनीतली ओल कमी झाली की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण त्याच वाटेने येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. वाढ खुंटते, वरून ऊन मात्र चालूच. न वापरलेलं हे ऊन झाडालाच बाधू लागतं. मग ते सुगंधी तेलं, अल्कलॉइड, फिनॉल अशी द्रव्यं जास्त बनवतं. ही त्याची स्वतःसाठीची ढाल. आपण तिला औषध म्हणतो.

यावरूनच बचत गटांच्या बैठकीत कुणीतरी हमखास सांगतं, "दुष्काळी भागात औषधी वनस्पती लावा, पाणी कमी तेवढा गुण जास्त." हे अर्धंच खरं आहे.

अश्वगंधा, म्हणजे आपली आस्कंद, हिचंच बघा. 'नागोरी' हे तिचं बाजारातलं नाव राजस्थानातल्या कोरड्या नागौरवरून पडलं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे पावसाळा सरता सरता ती पेरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये मुळं खणतात. कोरडं हवामान तिला मानवतं, पाणी साचलं तर मुळं कुजतात. पण म्हणून तहानेने सुकवायची का? साधा हिशोब करू. समजा, चांगल्या ओलीत ३०० किलो मुळं निघाली आणि त्यांत औषधी द्रव्य शेकडा ०.४ असलं, तर झालं १.२ किलो. ताणात प्रमाण ०.५ वर गेलं, पण मुळं २०० किलोच निघाली, तर हाती एकच किलो! आणि ताण फारच झाला तर सगळंच वाळतं.

शिवाय पैसे कशाचे मिळतात? नीमचच्या बाजारात मुळांची लांबी-जाडी बघतात, मोडून आतला पांढरेपणा बघतात आणि वजनावर भाव ठरतो. द्रव्य किती वाढलं, हे डोळ्यांना दिसत नाही. बारीक मुळांना कमी भाव, आणि त्यात वजनही कमी. मार दोन्हीकडून बाईलाच. प्रयोगशाळेत तपासून माल घेणारा गिऱ्हाईक आधी ठरला असेल, तरच त्या जास्तीच्या गुणाचे पैसे मिळतील. म्हणून बियाणं घेण्याआधी गटाने खरेदीदाराला विचारावं: भाव वजनावर देणार की तपासणीवर? आणि उत्तर कागदावर घ्यावं.

घरात चूर्ण घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, दर वर्षीच्या मुळांची ताकद एकसारखी नसते. गरोदरपणी तर अश्वगंधा स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.