ऐका, गाडी काय सांगतेय!

बालमित्रांनो, वडखळहून डोलवीकडे जाताना मुंबई-गोवा महामार्गावर (क्रमांक ६६) एखादा खड्डा लागला, की गाडी काहीतरी बोलते. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्याकडे असतं. मागे बसलेल्या तुमचे कान मात्र मोकळे असतात. मग ऐका तर!

खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते. पण नुसती स्प्रिंग असती, तर गाडी झुलतच राहिली असती! तो झोका शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल जिरवतं.

आधी डिकीतला जॅक-पाना वाजत नाही ना, ते बघा. बारीक खड्ड्यांवर 'खटखट' झाली, तर बहुधा लिंक रॉडचा सांधा सैल झालाय. 'कुईकुई' आली, तर रबरी बुश झिजलं असेल. उभ्या गाडीचा कोपरा बाबांना दाबून सोडायला सांगा. गाडी झुलतच राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला समजा.

खटखटीबरोबर स्टिअरिंगही ढिलं वाटलं, तर मात्र थांबायचं नाही हं! बॉल जॉइंट झिजला असू शकतो. तो निखळला, तर चाकच कोलमडतं. तेव्हा लगेच सांगा, "बाबा, गाडी मेकॅनिककाकांना दाखवूया!"