कांद्यासाठी सीमापार

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. सकाळचे नऊ वाजलेत की दहा, यावर स्वयंपाकघरात वाद चालू आहे. पहाटे तीनला जर्मनीतली घड्याळं एक तास मागे गेली. मोबाईल आपापले बदलले, भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून उन्हाळ्यातच आहे. "म्हणजे घरी आता साडेतीन नाही, साडेचार तास पुढे," बेळगावकर बोटं मोजत म्हणतो. आईचा फोन कधी येणार, हा त्याचा हिशोब आहे.

आखेन शहराच्या पश्चिम टोकाला, तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आम्ही तिघं राहतो. मी पुण्याचा, एक बेळगावचा आणि एक जर्मन मुलगा. शनिवार-रविवारी संख्या वाढते. कोल्हापूरकरीण कालपासून आली आहे, कारण मिसळ तिच्याशिवाय होत नाही, असं तिनंच ठरवलेलं आहे. नागपूरकर रात्री अकराला गोदामातली पाळी संपवून आला आणि बूटही न काढता सोफ्यावर झोपला. तो अजून तिथंच आहे.

तयारी चोख आहे. मटकी दोन दिवस ओल्या फडक्यात बांधून हीटरशेजारी ठेवली होती. या थंडीत दुसऱ्या कशानं मोड येत नाहीत. दिवाळीच्या पार्सलमधला चिवडा फरसाणाच्या जागी आहे. पावाऐवजी कोपऱ्यावरच्या बेकरीतले गोल ब्रोटशेन आणलेत. रविवारी बेकऱ्या तेवढ्या सकाळी काही तास उघड्या असतात. वाटण कालच रात्री साडेनऊला वाटून ठेवलं, कारण दहानंतर शांतता पाळायची आणि रविवारी तर दिवसभर. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आमचा मिक्सर ड्रिल मशीनसारखा वाटतो.

कोल्हापूरकरीण टोपली उलटी करते. दोन सालं पडतात.

"कांदे कुठायत?"

"वाटणात," मी सांगतो. "तूच म्हणालीस, कट दाट झाला पाहिजे."

"आणि वर घालायला?"

कुणी काही बोलत नाही. "कांदा न्हाई म्हणजे मिसळ न्हाई. नुस्ती आमटी झाली की ती," ती म्हणते आणि गॅस बंद करते. आमच्याकडे गॅस नाही, विजेची शेगडी आहे, पण तिच्या हाताला सवय गॅसची आहे.

रविवारी जर्मनीत कांदा मिळणं अवघड. दुकानं बंद असतात, आणि ती नुसती रीत नाही. रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून राखलेला असेल, हे १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं कलम आजच्या राज्यघटनेतही कायम आहे. आमचं भारतीय दुकानही या घटनेला बांधील आहे. नागपूरकर डोळे न उघडता सुचवतो, "स्टेशनवर बघा ना बे." स्टेशनवर सँडविचमधला कांदा मिळेल.

तेवढ्यात जर्मन मुलगा कॉफी घ्यायला येतो, आमचे चेहरे बघतो आणि विचारतो, "फाल्सला का जात नाही?"

फाल्स नेदरलँड्समध्ये आहे. आमच्या घराखालून बसनं पंधरा मिनिटं. तिथली दुकानं रविवारी उघडी असतात, आणि अर्धं आखेन रविवारी तिकडे दूध-अंडी आणायला जातं.

"काऊन बे?" नागपूरकर आता उठून बसतो. "कांद्यासाठी देश बदलायचा?"

अकराच्या बसमध्ये आम्ही चौघं बसलो आहोत. खिडकीतून सीमा शोधायचा माझा खेळ असतो, आणि दर वेळी ती निसटते. फाटक नाही, चौकी नाही. जर्मन घरांच्या खिडक्यांना पडदे आहेत. मग एकाएकी मोठ्या, बिनपडद्याच्या खिडक्या सुरू होतात. गाड्यांच्या पांढऱ्या नंबरप्लेट पिवळ्या होतात. चौघांच्या खिशात चार फोन एकदम वाजतात: नेदरलँड्समध्ये स्वागत.

कांदे परतताना घ्यायचे ठरतं, कारण कोल्हापूरकरणीला वर डोंगरावर जायचं आहे. "डोंगर" म्हणजे फाल्सरबर्ख, युरोपातल्या नेदरलँड्सचा सगळ्यात उंच माथा. उंची ३२२ मीटर. मला राहवत नाही. "पुणंच ५६० मीटरवर आहे. मी तर इथून खाली उतरून चढतोय."

"बेळगाव साडेसातशे," बेळगावकर पुढे चालता चालता म्हणतो.

"नागपूर तीनशेच्या वर," नागपूरकर. "बरोबरीत सुटलो ना बे."

वर जाणाऱ्या रस्त्याचं नाव आहे फियरग्रेन्झनवेग. बेळगावकराची जर्मन चांगली आहे, त्यामुळे डच पाट्या तो अर्ध्या ओळखतो. "चार सीमांचा रस्ता? वर तर तीनच देश आहेत." दोन्ही बाजूंना बीचची झाडं आहेत आणि सगळा रस्ता तांबूस पानांनी भरला आहे. पाऊस नुकताच थांबलाय, बूट घसरतात. सायकलवाले डच आजी-आजोबा आम्हाला मागे टाकून वर जातात आणि जाताना घंटी वाजवून नमस्कार करतात.

माथ्यावर जत्रा आहे. मनोरे, खेळणी, आइस्क्रीम, कुत्री, बाबागाड्या. मधोमध एक छोटा खांब, जिथं जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स भेटतात. एक लहान मुलगा खांबाभोवती गोल गोल धावतोय आणि दर फेरीला तीन देश ओलांडतोय. त्याची आई वैतागून ओरडते. कुठल्या भाषेत, ते कळत नाही.

नागपूरकर एक पाय जर्मनीत, एक बेल्जियममध्ये ठेवून फोटो काढून घेतो. त्याची झोप अजून नेदरलँड्समध्ये आहे.

मी चौथ्या सीमेची गोष्ट सांगतो. नेपोलियन हरल्यावर, १८१६मध्ये, प्रशिया आणि नेदरलँड्सनं इथली हद्द आखली. खाली केल्मिस गावात जस्ताची खाण होती आणि ती दोघांनाही हवी होती. शेवटी ठरलं की खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणाचाच नाही. त्याचं नाव तटस्थ मोरेस्नेट. १८३०च्या क्रांतीनंतर नेदरलँड्सच्या जागी बेल्जियम वाटेकरी झाला. तुकड्याचं टोक बरोबर या माथ्याला येऊन टेकायचं, म्हणून चार सीमा. १८८५मध्ये जस्त संपलं, तरी तुकडा तसाच राहिला. पहिल्या महायुद्धानंतर, व्हर्सायच्या तहानं, तो १९२०मध्ये बेल्जियमला मिळाला.

"म्हणजे तात्पुरती सोय शंभर वर्षं चालली," कोल्हापूरकरीण म्हणते.

बेळगावकर खांबावर हात टेकून उभा आहे. "आमच्यात १९५६ पासनं चाललंय बघ," तो म्हणतो. "आणि आमच्यात खाण पण नाही."

तो हसतोय, म्हणून आम्हीही हसतो. पण त्यानं मागे एकदा सांगितलं होतं. त्याच्या गल्लीतल्या दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून त्यानं लहानपणी दगडफेक पाहिली आहे. कोल्हापूरकरणीच्या घरापासून त्याचं घर शंभरेक किलोमीटरवर आहे. तिची मावशी निपाणीला दिलेली. आखेनला येईपर्यंत दोघांची भेट नव्हती.

"अजून एक आहे," मी म्हणतो. "१९०८मध्ये इथल्या एका डॉक्टरला वाटलं, या तुकड्यात एस्परांतो भाषेचं राज्य व्हावं. नावही ठरलं होतं, अमिकेयो. मैत्रीचं ठिकाण."

"झालं का मग?"

"नाही."

"व्हायला पायजे होतं," बेळगावकर म्हणतो. मग तो बेल्जियममध्ये जातो आणि एक पुडा फ्राइज घेऊन जर्मनीत परत येतो. आम्ही नेदरलँड्समध्ये उभं राहून त्या खातो.

उतरून दुकानात जातो तर तिथं निम्मे चेहरे आखेनचेच. आमच्या विभागातली एक सहाय्यक प्राध्यापिका चीजच्या फळीपाशी दिसते. दोघंही एकमेकांना न पाहिल्यासारखं करतो. कांद्यांची जाळीची पिशवी दोन किलोची आहे. कोथिंबीर कुंडीसकट विकायला ठेवलीय, तीही घेतो.

परतीची बस जर्मनीत शिरते आणि थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहते. दोन पोलीस चढतात. गेल्या वर्षापासून या सीमेवर पुन्हा तपासणी होते, कधी असते, कधी नसते. ते सगळ्यांकडे बघत येतात आणि आमच्यापाशी थांबतात. चौघांची निवास कार्डं निघतात. पासपोर्ट तिघांचेच निघतात. नागपूरकराचा दुसऱ्या जॅकेटमध्ये आहे.

बस गप्प आहे. मला एकदम तो हिवाळा आठवतो. व्हिसाच्या भेटीसाठी रोज रात्री संगणकासमोर बसणं, खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवणं, बाबांनी बँकेत केलेल्या सह्या. ती सीमा मला खिडकीतून शोधावी लागली नव्हती.

पोलीस नागपूरकराचं कार्ड उलटसुलट बघतो, कुठं तरी फोनवर नंबर सांगतो, वाट बघतो. "पुढच्या वेळी दोन्ही," तो शेवटी म्हणतो. मग त्याची नजर पिशवीवर जाते. "हे काय?"

"कांदे," कोल्हापूरकरीण सरळ सांगते.

"फक्त कांदे?"

"आणि कोथिंबीर."

तो मान हलवून उतरतो. बस सुटते. बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि मग नागपूरकर हळूच म्हणतो, "फ्राइजचं नाही सांगितलं ना बे." चौघंही एवढ्या मोठ्यानं हसतो की पुढच्या सीटवरच्या आजी वळून बघतात.

साडेतीनला ताटं वाढली जातात. कट लालभडक, वर चिवडा, त्यावर बारीक चिरलेला कांदा. जर्मन मुलगा पहिला घास घेतो, पाणी पितो, ब्रोटशेन तोडतो आणि पुन्हा वाटी पुढे करतो. बाहेर ऊन तिरपं झालंय. नव्या वेळेप्रमाणे साडेपाचच्या आत सूर्य मावळेल.

बेळगावकराचा फोन वाजतो. घरी रात्रीचे आठ वाजलेत. आईला व्हिडिओवर आधी ताट बघायचं आहे.

"कांदा बरा मिळाला की. कुठनं आणलास?"

"नेदरलँड्समधनं."

"अरे देवा! जवळ कुठं मिळत न्हवता?"

"आई," तो घास गिळून म्हणतो, "हेच जवळ होतं."