वीज गेली, विहीर आठवली

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. रमजान ईद होऊन जेमतेम नऊ दिवस झालेले. ईदनंतर शव्वाल महिन्यात सहा ऐच्छिक रोजे ठेवण्याची रीत आहे. ते ठेवणाऱ्यांची सहरी आता मेणबत्तीवर आली.

अंधाराचे फारसे काही नाही, कोकणाला तो नवा नाही. अडले पाण्यावाचून. पंप विजेवर, म्हणून नळ कोरडे. वजूला पाणी हवे, भाताला हवे, गोठ्यातल्या गाईलाही हवे. मग ज्याच्या परसात जुनी विहीर, त्याच्या दारी साऱ्या आळीच्या कळश्या. रोजा असो वा एकादशी, शेंदण्याचे श्रम सारखेच!

नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, तारा त्यांच्याखाली. आधी रस्ता मोकळा करायचा, मग खांब उभे करायचे. कित्येक गावांत आठवडे गेले. मोबाईलचे टॉवरही मुके. इथल्या अनेक घरांतला एखादा मुलगा मुंबईत, नाहीतर आखातात. घरचे सुखरूप आहेत की नाहीत, हेच त्याला कळेना. रेंज मिळेल तिथपर्यंत जाणाऱ्याच्या खिशात शेजाऱ्यांच्या मुलांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असायची.