ताम्रपटाची तळटीप

ताम्रपटाच्या संपादनात एकही पायरी एकट्याची नसते. नांगरटीत किंवा घराच्या पायात पट सापडतो एकाला, तो सांभाळतो दुसरा, त्याची बातमी अभ्यासकांपर्यंत नेतो तिसरा, शाईचा ठसा काढतो चौथा आणि अक्षरे लावतो पाचवा. छापील लेखावर नाव येते ते बहुधा पाचव्याचे. उरलेल्या चौघांची नोंद कुठे आणि कोणत्या शब्दांत करायची, याची शिस्त पुराभिलेखविद्येत फार लवकर घडली. संशोधनातील श्रेयनिर्देश म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी विदर्भात याहून चांगले क्षेत्र नाही.

या शिस्तीचे नागपुरातील सर्वांत मोठे नाव म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी (१८९३–१९८५). 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम' या मालेत त्यांचे कलचुरींचे लेख १९५५ मध्ये, वाकाटकांचे १९६३ मध्ये आणि शिलाहारांचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. वाकाटकांचा विषय तर घरचाच होता. त्यांची एक राजधानी नंदिवर्धन रामटेकजवळ, म्हणजे आजच्या नगरधनच्या परिसरात होती.

अशा खंडातील कोणत्याही लेखाची मांडणी पाहिली तर वाचन बरेच उशिरा येते. आधी पट कुठे सापडला, तेव्हा कोणाकडे होता, कोणी लक्षात आणून दिला, पूर्वी कोणी कुठे छापला हे सांगितलेले असते. मग पत्र्यांची संख्या, मोजमाप, वजन, मुद्रा, लिपी, भाषा, लेखनातील विशेष, काळ, गावांची ओळख. त्यानंतर ओळींच्या क्रमांकासह मूळ पाठ आणि भाषांतर. पाठाच्या आरंभाला जोडलेली एक छोटी तळटीप मात्र सहज नजरेतून सुटते. पाठ मूळ पत्र्यांवरून घेतला की ठशावरून, हे ती सांगते. पत्रा हातात घेऊन वाचणारा खाच तिरपी करून उजेडात पाहू शकतो. ठशावरून वाचणाऱ्यापुढे शाई जेवढी बोलेल तेवढेच असते. दोन्ही वाचने प्रामाणिक असू शकतात, पण त्यांचे वजन सारखे नसते, आणि ते वाचकाला कळायला हवे.

वाशीमच्या ताम्रपटाची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९३९ मध्ये वाशीमच्या पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याकडून हा पट उजेडात आला. यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी तो प्रथम अभ्यासकांपुढे मांडला. पुढे मिराशींनी महाजन यांच्यासह तो 'एपिग्राफिया इंडिका'त पुन्हा संपादित केला. पट दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षाचा. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथून राज्य करणारी वाकाटकांची स्वतंत्र शाखा या पटामुळे स्पष्टपणे समोर आली. आज या शाखेबद्दल कोणीही वाक्य लिहिले तरी त्याच्या मुळाशी तो पट जपणारे एक घर आहे. शोधनिबंधातून ते घर गळले तर वाक्य खोटे ठरत नाही, तरीही त्यात अन्याय असतो.

या पटाचा परिणाम अजिंठ्यापर्यंत पोचला. तिथल्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा कोरीव लेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी, पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा मातब्बरांनी त्यावर काम केले होते. दगड झिजलेला, पहिल्या प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव रुद्रसेन असावे, असा समज रूढ झाला. वाशीमच्या पटात सर्वसेन हे नाव आल्यावर मिराशींनी अजिंठ्याची ओळ पुन्हा तपासली आणि तिथेही सर्वसेनच वाचले. अशा दुरुस्तीच्या वेळी श्रेयनिर्देशाची खरी कसोटी लागते. आधीचे वाचन कोणाचे होते हे नमूद करणे झाले पहिले काम. ते वाचन कोणत्या परिस्थितीत झाले, त्या अभ्यासकापुढे कोणता पुरावा नव्हता, हे सांगणे त्याहून अवघड. ते सांगितले नाही तर पूर्वसूरीची मर्यादा त्याची हलगर्जी म्हणून वाचली जाते.

पाठातील कंसांनाही याच नीतीचा आधार आहे. अस्पष्ट अक्षर चौकोनी कंसात येते, कोरणाऱ्याची चूक सुधारली तर सुधारणा गोल कंसात, आणि मुळात नसलेले अक्षर संपादकाने घातले तर त्याला ताराचिन्ह. पत्र्यावर काय आहे आणि संपादकाच्या डोक्यातून काय आले, यांच्यातली सीमा त्यामुळे प्रत्येक अक्षरापाशी दिसते. गद्य प्रबंधात हे काम अवतरणचिन्हे आणि तळटिपा करतात, पण तिथे सीमा सहज पुसट होते. दुसऱ्याचे मत स्वतःच्या शब्दांत मांडताना ते नेमके कुठे संपले आणि लेखकाचे कुठे सुरू झाले, हे परिच्छेदाच्या शेवटी टाकलेल्या एकाच क्रमांकावरून कळत नाही.

मराठीला ही सावधगिरी परकी नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या नागदेवाचार्य आणि इतर प्रत्यक्षदर्शी अनुयायांना विचारून. पुढे महानुभाव परंपरेत मूळ ग्रंथ हरपला, आणि ज्यांना जे आठवत होते त्यावरून तो पुन्हा उभा करण्यात आला. त्या प्रतींमध्ये एका प्रसंगाचे दोन तपशील आले तर एक खोडून टाकलेला नाही. निराळी आठवण 'वासना' म्हणून शेजारी नोंदली जाते, हिराइसांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ अशी माणसाच्या नावाने. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये संपादित केले, तेव्हा त्यांच्यापुढे अशा नावानिशी आलेल्या आठवणींचा साठा होता. भक्तिभावाने लिहिणाऱ्यांनी पुराव्याबाबत दाखवलेली ही काटेकोर वृत्ती आजच्या कित्येक प्रबंधांत आढळत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

आज विद्यापीठात प्रबंध दाखल करताना तपासणी होते ती मुख्यतः मजकुराच्या साम्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षाची बंदी, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण साम्य मोजणीतून वगळले जाते. उघड नक्कल रोखायला हा नियम हवाच. पण संगणक शब्द जुळवतो. इंग्रजी लेखातला युक्तिवाद मराठीत उतरवला तर तो पकडला जाईलच असे नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला किंवा नुसता स्कॅन करून ठेवलेला मराठी प्रबंध यंत्राला सरळ वाचताच येत नाही.

यंत्राच्या नजरेला न दिसणारा आणखी एक प्रकार सर्रास चालतो. मिराशींच्या ग्रंथात 'एपिग्राफिया इंडिका'चा एक उतारा सापडतो. विद्यार्थी तो उचलतो आणि तळटिपेत खंड व पृष्ठ थेट मूळ मालेचे देतो. मिराशी गायब. एकही शब्द चोरलेला नसतो, सारे आकडेही बरोबर असतात, पण जो खंड कधी उघडला नाही तो उघडल्याचा दावा त्या तळटिपेत असतो. 'अमुक ग्रंथात उद्धृत' एवढे दोन-तीन शब्द लिहिले की हा दोष उरत नाही. ते न लिहिण्याचे कारण बहुतेक वेळा संकोच असतो. दुय्यम साधन वापरल्याने काम हलके ठरेल ही भीती. मार्गदर्शकांनी ही भीती पहिल्याच वर्षी घालवायला हवी, कारण पृष्ठक्रमांकाची छपाईची चूकही अशीच एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत जाते.

लोकसाहित्य आणि बोलींच्या अभ्यासात प्रश्न अधिक नाजूक होतो. गोंडी किंवा कोरकू गीत सांगणारी बाई ही ग्रंथाइतकेच साधन असते. तिचे नाव, गाव आणि सांगितल्याची तारीख प्रबंधात यायला हवी. पण पट जपणाऱ्या शास्त्रीबुवांचे नाव छापणे आणि घरातली भांडणे सांगणाऱ्या बाईचे नाव छापणे यांत फरक आहे. इथे आधी संमती विचारावी लागते, तीही तिला समजेल अशा भाषेत, छापून आल्यावर ते कोण कोण वाचू शकेल हे सांगून. तिने नाव नको म्हटले तर निवेदकाला सांकेतिक क्रमांक देऊन तळटिपेत तसे नमूद करतात, आणि मूळ नोंदवही मार्गदर्शकाकडे किंवा विभागात बंद ठेवतात. तिने होकार दिला तर नाव तिने सांगितले तसेच लिहितात, आडनावासकट, आणि प्रबंध पुरा झाल्यावर त्या गीताची प्रत तिच्या घरी पोचवतात.