‘घरीच असते’ या उत्तरामागचे तास

बासष्ट वर्षांच्या एखाद्या गृहिणीला विचारावे, ‘सध्या काय करता?’ उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘काही नाही, घरीच असते.’ हे उत्तर देणारी स्त्री त्या दिवशी पहाटे उठलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस तिने बदललेली असते, पतीच्या इन्सुलिनची वेळ पाळलेली असते, नातवाचा डबा भरून त्याला शाळेच्या रिक्षात बसवलेले असते. एकाच दिवसात तीन पिढ्या तिच्या हाताखालून गेलेल्या असतात. आणि तरीही स्वतःच्याच हिशेबी ती ‘काही करत नाही’.

कुटुंबातील या विनामोबदला शुश्रूषेची देशपातळीवर मोजदाद करायची, तर पहिली अडचण हीच असते. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी प्रश्न बदलला. ‘काय करता?’ असे न विचारता ‘काल दिवसभरात कोणत्या वेळी काय केलेत?’ असे विचारायचे. यालाच वेळेच्या वापराचे सर्वेक्षण म्हणतात. आपल्याकडे त्याचा पहिला प्रयोग १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाला. पुढे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशव्यापी सर्वेक्षण केले, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा झाले. दोन्ही वेळा सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांतील सहा वर्षांवरील व्यक्तींची माहिती घेण्यात आली.

पद्धत साधी, पण विचारपूर्वक आखलेली आहे. आदल्या दिवशी पहाटे चारपासून मुलाखतीच्या दिवशी पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या घरांत मांडले जातात. त्यामुळे रात्रीची जागरणेही नोंदीच्या कक्षेत येतात. कामांची विभागणी ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेली आहे, त्यात स्वयंपाक-झाडलोट हा एक विभाग आणि कुटुंबीयांची काळजी हा स्वतंत्र विभाग आहे. काळजीतही मुलांचा सांभाळ निराळा आणि परावलंबी प्रौढांची शुश्रूषा निराळी. औषधपाणी करणे, धीर देणे, इतकेच नव्हे तर नुसते सोबत राहून लक्ष ठेवणे, यांनाही त्यात जागा आहे.

२०२४ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रियांनी आणि २१.४ टक्के पुरुषांनी घरातील कुणाची तरी काळजी घेतल्याचे आढळले. काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे वेळ गेला, तर पुरुषांचा ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी यांचा वेळ याहून वेगळा.

मात्र हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली ही, की १४० मिनिटांच्या या सरासरीत तान्ह्या बाळाची आईही आहे आणि पक्षाघाताने पडलेल्या सासऱ्यांची सूनही. दोघींच्या थकव्याची जात वेगळी आहे. बाळ दिवसागणिक स्वावलंबी होत जाते. वृद्धाची शुश्रूषा मात्र बहुधा वाढतच जाते. दुसरी गोष्ट या पाक्षिकाच्या वाचकांना अधिक जवळची आहे. माहिती सहा वर्षांवरील सर्वांची घेतली गेली असली, तरी सर्वाधिक चर्चा झालेला हा आकडा एकोणसाठाव्या वर्षी थांबतो. आजारी पत्नीची सेवा करणारे सत्तरीतले आजोबा किंवा नातवंडे सांभाळणारी आजी त्या ओळीत दिसत नाहीत. वृद्ध म्हणजे केवळ काळजी घेतली जाणारी व्यक्ती, या समजुतीला त्यामुळे नकळत बळ मिळते.

वयोवृद्धांच्या बाजूने पाहणारे एक सर्वेक्षणही आपल्याकडे आहे. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी पार पाडली. त्यात ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांचे आरोग्य, आर्थिक स्थिती आणि दैनंदिन कामांतील अडचणी नोंदवल्या गेल्या. कुणाला मदतीची गरज आहे हे एका सर्वेक्षणातून कळते, आणि ती मदत करण्यात कुणाचा किती वेळ जातो हे दुसऱ्यातून. दोन्ही शेजारी ठेवली, तर दिवसभराच्या सांभाळाची केंद्रे, घरपोच परिचारिका, सेवा करणाऱ्याला चार दिवसांची उसंत देणारी सोय, यांपैकी कशाची निकड आहे हे ठरवता येईल.

पण या साऱ्याचा पाया घरातल्या उत्तरावर असतो. सर्वेक्षक दारी आले, तर प्रथम त्यांचे ओळखपत्र पाहावे. बँकेचा तपशील वा ओटीपी कुणी मागू लागल्यास बोलणे तिथेच थांबवावे. त्यानंतर मात्र संकोच करू नये. घरातील कर्त्याने सर्वांच्या वतीने बोलण्याऐवजी, जी व्यक्ती सेवा करते तिलाच बोलू द्यावे. ‘दुपारी घरीच होते’ एवढे न सांगता ‘दोन ते चार सासूबाईंपाशी बसून होते, कारण त्या एकट्या उठल्या तर पडतात’ असे सांगावे. स्वयंपाक करता करता रुग्णावर नजर होती, तर तेही सांगावे.

बहुतेकांच्या दारी सर्वेक्षक कधीच येणार नाहीत. त्यांनी तीच पद्धत घरी वापरून पाहावी. एका वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून आठवडाभर नोंद ठेवावी. रात्री किती वेळा उठावे लागले, जेवण किती वाजता झाले, स्वतःची रक्तदाबाची गोळी कोणत्या दिवशी राहिली, हे सारे त्यात यावे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. रुग्णाइतकीच तपासणी सेवा करणाऱ्याचीही व्हायला हवी. मुले-सुना, भाऊ-बहिणी एकत्र बसतील तेव्हाही ती मध्ये ठेवावी. ‘माझ्याच्याने होत नाही’ हे वाक्य पुष्कळांच्या ओठांवर येऊन परत फिरते. त्यांच्या वतीने ती वही बोलेल, आणि मंगळवारची रात्र कोण जागणार, एवढे तरी त्या बैठकीत ठरेल.