रंग जुळला म्हणजे कार्ड खरं?

खिशातली पाचशेची नोट काढा. पुढच्या बाजूला उजवीकडे खाली ₹500 असं छापलेलं आहे. नोट सरळ धरली तर ते हिरवं दिसतं, तिरकी करत नेली की निळं होतं.

या शाईत असतात बारीक, बहुपदरी चकत्या. चकतीच्या मधोमध चकचकीत धातू, त्यावर पारदर्शक थर आणि सगळ्यात वर धातूचाच, पण प्रकाश आरपार जाईल इतका पातळ पदर. थोडा प्रकाश वरूनच परततो, थोडा आत जाऊन परततो. या दोन लहरी एकत्र येताना एखादा रंग बळावतो, बाकीचे विरतात. कोणता बळावणार, हे पारदर्शक थराची जाडी ठरवते. चकती तिरकी केली की दोन लहरींच्या वाटांमधला फरक घटतो आणि कमी तरंगलांबीचा रंग पुढे येतो. म्हणून हिरव्याचा निळा होतो. साबणाच्या फुग्यावरचे रंगही असेच हलतात.

अनेक देशांच्या ओळखपत्रांवर आणि पासपोर्टांवर अशी शाई वापरतात. ऑनलाइन विकली जाणारी बनावट कार्डं इथेच उघडी पडतात. साधा रंगीत प्रिंटर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांच्या ठिपक्यांतून रंगाचा भास घडवतो. हिरवा हवा तर हिरवा देईल, निळा हवा तर निळा. पण कोन बदलल्यावर बदलणारा रंग त्याच्या आवाक्यात नाही. खऱ्या कार्डावरच्या गुंतागुंतीच्या नक्षीवर भिंग धरलं तर रेघ सलग दिसते, आणि एका टोकाकडून दुसरीकडे जाताना तिचा रंग नकळत पालटतो. नकलेत त्याच रेघेचे ठिपके होतात.

नुसती छटा जुळवून पाहणं मात्र फसवं आहे. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेल्या दोन शाया उन्हात वेगळ्या दिसू शकतात, आणि काल पाहिलेली छटा डोळ्यांना आज नेमकी आठवत नाही. रंगीत फोटो पाहूनही विश्वास टाकू नये. पॉलिकार्बोनेटच्या अनेक कार्डांत लेझरने आतला थर जागोजाग काळा करून चेहरा कोरतात, त्यामुळे तो फोटो करडाच असतो.

आपल्याकडे लॉजच्या काउंटरवर ओळखपत्राची झेरॉक्स घेतात, नाहीतर ‘व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा’ म्हणतात. तपासण्याजोगं बरंच काही झेरॉक्समध्ये पुसलं जातं. फोटोतला रंगही एकाच कोनात थिजलेला असतो. अशा तपासणीला तपासणी म्हणणं मला पटत नाही. कार्ड हातात घ्यावं, उजेडात तिरकं करून पाहावं. आधार असेल तर त्यावरचा क्यूआर कोड अधिकृत अॅपने स्कॅन करावा. त्यातल्या माहितीवर डिजिटल सही असते. कार्डावरचं नाव किंवा जन्मतारीख कुणी बदलली असेल, तर ती स्कॅनमध्ये उमटलेल्या माहितीशी जुळत नाही.