'अ‍ॅजाइल' म्हणजे नुसती घाई नव्हे

चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवर असलेले भाईंदर आणि त्याच्या अलीकडचे मिरा रोड या दोन स्थानकांवरून रोज सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या गर्दीत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संख्या लक्षणीय असते. मालाड, गोरेगाव, अंधेरी येथील कार्यालयांत पोहोचल्यावर त्यांच्या दिवसाची सुरुवात बहुधा पंधरा मिनिटांच्या उभ्याउभ्या बैठकीने होते. 'अ‍ॅजाइल', 'स्क्रम', 'स्प्रिंट' हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातले झाले आहेत. तरीही 'अ‍ॅजाइल म्हणजे निम्म्या वेळात दुप्पट काम' अशी समजूत अनेक ठिकाणी रूढ आहे. ही समजूत मूळ विचाराच्या नेमकी उलट असून तिची किंमत कर्मचारी आणि ग्राहक या दोघांनाही मोजावी लागते.

धबधबा पद्धतीची मर्यादा

सॉफ्टवेअर तयार करण्याची जुनी पद्धत इमारत बांधण्यासारखी होती. आधी सर्व गरजांची नोंद, मग आराखडा, मग प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग, नंतर चाचणी आणि सर्वांत शेवटी ग्राहकाच्या हाती सुपूर्द करणे असा तिचा क्रम असे. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडावे आणि परत वर जाऊ नये, तसा हा प्रवास असल्याने तिला 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा पद्धत हे नाव पडले. या क्रमाचे वर्णन विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधात आढळते. मात्र चाचणी अगदी शेवटी येत असल्याने ही रीत धोक्याची आहे, असा इशारा स्वतः रॉइस यांनीच त्यात दिला होता. पुढे अनेकांनी आकृती तेवढी उचलली आणि इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.

दहिसरहून मिरा-भाईंदरकडे येणाऱ्या मेट्रोचा खांब एकदा उभा राहिल्यावर चार फूट बाजूला सरकवता येत नाही. तेथे आधी संपूर्ण आराखडा आणि मग काम हाच क्रम योग्य ठरतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते बदलता येते आणि वापरणाऱ्याच्या गरजाही बदलत राहतात. ग्राहकाला नेमके काय हवे आहे, हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही काहीतरी हाताळायला मिळाल्यावरच उमगते. दोन वर्षांनी एकदम सर्व काही हाती देणाऱ्या पद्धतीत हे उमगेपर्यंत पैसा आणि वेळ दोन्ही संपलेले असतात.

जाहीरनाम्याचा जन्म

या अडचणीवर उपाय शोधण्याचे प्रयत्न निरनिराळ्या ठिकाणी सुरू होते. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये नव्या उत्पादनांच्या निर्मितीवर लेख लिहिला. संपूर्ण चमू एकत्र पुढे सरकतो, ही कल्पना मांडताना त्यांनी रग्बी या खेळाची उपमा वापरली. त्याच खेळातील 'स्क्रम' हा शब्द घेऊन केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये आपली कार्यपद्धती जाहीरपणे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'अ‍ॅजाइल' जाहीरनामा तयार केला. त्यात चार मूल्ये असून त्यांच्या जोडीला बारा तत्त्वे आहेत.

या मूल्यांचा आशय थोडक्यात असा : साधने आणि प्रक्रियांपेक्षा माणसे व त्यांच्यातील संवाद महत्त्वाचा, जाडजूड दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर महत्त्वाचे, कराराच्या कलमांवर वाद घालण्यापेक्षा ग्राहकाचे सहकार्य मोलाचे, आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक आवश्यक. याचा अर्थ दस्तऐवज, करार किंवा योजना नकोत असा नाही. दोहोंपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तर कल कोणत्या बाजूला असावा एवढेच जाहीरनामा सांगतो.

प्रत्यक्षात काय करायचे?

भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. भांड्यांचा मोठा माल काढण्याआधी एक नमुना दाखवून पसंती घेण्यातील शहाणपण कोणत्याही कारखानदाराला वेगळे शिकवावे लागत नाही. 'अ‍ॅजाइल'चे मर्म याच्या जवळ जाणारे आहे. फरक इतकाच की, येथे प्रत्येक नमुना स्वतः वापरण्याजोगा असावा लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मिरा-भाईंदरसारख्या शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात होती, ती २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या पुढे गेली. अशा शहरातील नागरिकांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी एखाद्या चमूला मोबाइल अ‍ॅप तयार करायचे आहे. पाणी, कचरा, रस्ते, दिवाबत्ती, मालमत्ता कर असे सगळे विषय एकाच वेळी हाती घेतले, तर वर्षभर कोणालाच काही दिसणार नाही. त्याऐवजी पहिल्या दोन आठवड्यांत फक्त बंद पथदिव्याची तक्रार नोंदवण्याची सोय करावी आणि ती एका प्रभागात वापरून पाहावी. नागरिक खांबाचा क्रमांक लिहीत नाहीत, तर छायाचित्र पाठवतात, असे त्यातून दिसले की पुढच्या टप्प्याची दिशा बदलता येते. ही माहिती बंद खोलीतील बैठकीत मिळाली नसती.

स्क्रममध्ये अशा टप्प्याला 'स्प्रिंट' म्हणतात. तो एक महिन्याचा किंवा त्याहून कमी मुदतीचा असतो. कोणते काम आधी करायचे याचा क्रम 'प्रॉडक्ट ओनर' ठरवतो. ते कसे करायचे, हे चमू स्वतः ठरवतो. टप्प्याच्या अखेरीस तयार झालेले काम दाखवले जाते आणि त्यानंतर काय चांगले झाले, काय सुधारावे याचा मोकळेपणाने आढावा घेतला जातो.

एक बोलका अनुभव

अमेरिकेच्या 'एफबीआय' या तपास यंत्रणेचा अनुभव या संदर्भात वारंवार सांगितला जातो. तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्याचा तिचा पहिला प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये गुंडाळावा लागला. 'सेंटिनेल' हा दुसरा प्रकल्पही रखडला आणि मंजूर रकमेचा मोठा भाग खर्च झाला. अखेर २०१० मध्ये यंत्रणेने काम स्वतःच्या हाती घेतले, लहान चमू नेमला आणि दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत ते पुढे नेले. २०१२ मध्ये ही प्रणाली वापरात आली. चुका लवकर दिसू लागल्या आणि त्या लवकर दुरुस्त झाल्या, हा त्यातील धडा.

वेग, पण पेलणारा

बारा तत्त्वांपैकी एक तत्त्व फार महत्त्वाचे असूनही सर्वाधिक विसरले जाते. प्रकल्पाशी संबंधित सर्वांना अनिश्चित काळापर्यंत टिकवता येईल असाच कामाचा वेग असावा, असे ते सांगते. लोकलच्या गर्दीतून येऊन रात्री उशिरा परतणाऱ्या कर्मचाऱ्याकडून प्रत्येक स्प्रिंटमध्ये मागच्यापेक्षा अधिक कामाची अपेक्षा धरणे हे या तत्त्वाचे उल्लंघन आहे. थकलेला माणूस चाचण्या टाळतो आणि आडवाटेने काम उरकतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये अशा उरकून टाकलेल्या कामाला कर्जाची उपमा दिली. आज वाचवलेला वेळ उद्या व्याजासह फेडावा लागतो. हेच कनिंगहॅम पुढे जाहीरनाम्याच्या सतरा स्वाक्षरीकर्त्यांपैकी एक झाले.

रोजच्या बैठकीचेही तसेच आहे. सहकाऱ्यांनी एकमेकांच्या अडचणी जाणून दिवसाचे काम जुळवावे, यासाठी ती असते. ती साहेबांना हजेरी देण्याची जागा बनली की, अडचण सांगण्याऐवजी झाकण्याकडे कल वाढतो. मग बाह्य विधी सगळे पार पडतात, पण गुण येत नाही.

आपल्या चमूत 'अ‍ॅजाइल' खरोखर रुजले आहे का, हे तपासण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाच्या हाती काही पोहोचले का? त्याच्या प्रतिक्रियेमुळे योजनेत काही बदल झाला का? आणि 'हे या मुदतीत होणार नाही' असे चमूतील सर्वांत कनिष्ठ सदस्याला निर्भयपणे म्हणता येते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर बैठक उभ्याने होते की बसून, याला फारसे महत्त्व उरत नाही.